हरणाचा पैसा

“कडेनं धर! कडेनं! पोटाला हात लावू नको त्याच्या!”

मल्हारी गडदे सर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी जालन्याच्या शाळेत गणित शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. स्टाफरूममध्ये एक जाड मिशांचा माणूस रुमालावर काळपट पैसे मांडून बसला होता, आणि मी आपला सहज त्यातला एक उचलला, चिमटीत, आपण एरवी धरतो तसा. माणूस असा ओरडला की मला वाटलं हाताखाली विंचू आहे. पैसा सुटला, टेबलाखाली गेला. त्याच्यामागं सर टेबलाखाली गेले, सरांच्या मागं लाजेनं मी. आमची ओळख अशी टेबलाखाली झाली.

“माफ करा, तुम्हाला अरे-तुरे केलं,” वर आल्यावर ते गुडघे झटकत म्हणाले. “पण बोटाला घाम असतो, मीठ असतं. तांब्याला बाधतं ते. कडेनं धरायचं. अन् आंघोळ तर बिलकुल घालायची न्हाई.”

“कोणाला?”

“पैशाला हो! दुसऱ्या कोणाला?”

हे पैसे होते अमेरिकेचे. आजचे डॉलर-बिलर नव्हेत. अमेरिका इंग्रजांच्या राजाच्या हाताखाली होती तेव्हाचे, नाहीतर नुकतीच सुटली होती तेव्हाचे. आता मला सांगा, जालन्यात बियाण्याचा शौकीन मिळेल, मोसंबीचा मिळेल, निजामाचे जुने सिक्के डब्यात घालून बसलेले तर गल्लोगल्ली मिळतील. पण मस्तगड भागात दोन खोल्यांत भाड्यानं राहून अमेरिकेचं तांबं जमवणारा हा एकच नमुना. मी गणिताचा माणूस, मला अशा गोष्टींची चीड येते. मी विचारलंच, “सर, आपल्या हैदराबादचे सोडून इतक्या लांबचे कामून?”

“हैदराबादचे सगळेच जमवून राह्यले. ह्यांना इकडं कोणी न्हाई.”

एखाद्या परगावच्या पोराला घरी जेवायला घेऊन यावं, तसं ते म्हणाले.

सर इंग्रजी शिकवायचे. त्यांचा एक जुना विद्यार्थी न्यू जर्सीत नोकरीला होता. तो दिवाळीत गावी यायचा तेव्हा काजूकतलीऐवजी तिकडच्या बाजारातून एखादा झिजका, कोणी न घेतलेला तांब्याचा पैसा आणायचा. मग सर जुन्या लग्नपत्रिका कापून त्याच्यासाठी पाकीट करायचे. जाड कागद, फुकटचा, मजबूत. त्यामुळं त्यांच्या कपाटात अमेरिकेच्या एकेका पैशावर ‘चि. सौ. कां.’ आणि ‘आहेर आणू नये’ छापलेलं असे. गयावहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, “भाऊजी, बघा, माझ्या सवतींचं लगन लावून ठेवलंय ह्यांनी.” कपाटाची किल्ली तिथंच खुंटीला असायची, पण वहिनींनी त्या कपाटाला कधी बोट लावलं नाही. ‘तुमची नाणी’ आणि ‘आपलं घर’ असे दोन साफ वेगळे भाग होते त्यांच्या डोक्यात.

‘कडेनं धर’ हे सरांचं सगळ्यालाच लागू होतं. गरम भाकरी कडेनं, कुल्फी कडेनं. स्टाफरूममध्ये हेडमास्तरांवर मी तणतणत आलो की म्हणायचे, “अहो माणिकराव, कडेनं धरा त्यांना. मधोमध धरायला गेलात म्हणून भाजलं.” मला तर धरायचंच नव्हतं, सोडायचं होतं, पण त्यांच्यापुढं राग टिकत नसे. मिशीतल्या मिशीत हसायचे आणि डब्यातली लसणाची चटणी पुढं सरकवायचे.

एका हिवाळ्यात ते मला हुरडा खायला त्यांच्या गावाकडं घेऊन गेले. वडीगोद्रीला उतरून पुढं आत जावं लागतं. घर धनगराचं; थोरले भाऊ दामूदादा अजून मेंढरं राखत होते, थोडीफार शेतीही होती. सरांनी भावाला दाखवायला नवा आलेला पैसा खिशात आणला होता. त्याच्यावर वर घोड्याचं तोंड आणि खाली नांगर. दामूदादांनी तो घेतला, हो, कडेनंच, त्यांनाही तालीम दिलेली होती, आणि उन्हाकडं धरला.

“नांगर हाय खरा. पण मल्हारी, ह्याला मुठी दोन कामून?”

“तिकडं दोन्ही हातानं धरतेत.”

“अन् मंग बैल कोण हाकतं?”

“बैल न्हाई दादा, घोडा. हे काय वर.”

दामूदादांनी बराच वेळ बघितलं. मग पैसा परत दिला. “दोन्ही हात गुतलेले, म्होरं घोडा. अन् ह्या लोकांनी गोऱ्या राजाला पळवून लावलं म्हणतूस? जाऊ दे, हुरडा खा.”

आम्ही हसत होतो, तेवढ्यात बांधावरून एक म्हातारा चालला होता. मला बघून थांबला. “पाव्हणे कोणाकडं?” मी म्हणालो, गडद्यांकडं. “कोणत्या गडद्याकडं? खोट्याच्या का?”

मी सरांकडं बघितलं. हुरड्याची मूठ तशीच राहिली होती त्यांच्या हातात. “हौ बाबा, खोट्याच्याच,” ते म्हणाले. म्हातारा निघून गेला, आणि त्या दिवशी मला खरी गोष्ट कळली.

सरांचे पणजोबा घोंगड्या विणायचे. जालन्याला तेव्हा गोऱ्यांची छावणी होती, तिथं खांद्यावर घोंगड्या टाकून विकायला जायचे. एका गोऱ्या सोल्जरनं घोंगडी घेतली आणि हातावर एक तांब्याचा पैसा ठेवला. त्याच्यावर हरीण. पणजोबांना अक्षर येत नव्हतं, पण हरीण लई गोड होतं म्हणे, मान वळवून उभं. ते खूश होऊन घरी आले. बाजारात गेले तर तो पैसा कोणी घेईना. वाणी घेईना, तेली घेईना. गाव हसलं, हरणाच्या नादात घोंगडी दिली म्हणालं, आणि घराला नाव पडलं खोट्याचं घर. पणजोबांनी रागानं पैशाला भोक पाडलं आणि कळपाच्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात, घंटीशेजारी, बांधून टाकला. माणसांत चालला नाही तर मेंढरांत चालंल, असं म्हणाले. एक मेंढा गेला की दुसऱ्याच्या गळ्यात. शेवटी सरांच्या आईनं तो सोडला आणि सुपारीच्या पिशवीत घालून देवापाशी ठेवला.

“शाळेत पोरं मला खोट्या म्हणायची,” सर सांगत होते. “पहिला नंबर आला तरी खोट्याचा पहिला आला म्हणायची. मंग कॉलेजात गेल्तो, तिथं लायब्ररीत एक नाण्याचं पुस्तक होतं. पान उलटलं, अन् आपलं हरीण! मला वाटलं कोणी आमच्या मेंढ्याचा फोटो छापला.”

पुस्तकात लिहिलं होतं ते असं. अमेरिकेत एका माणसाची तांब्याची खाण होती. त्यानं घरच्या घरी पैसे पाडले आणि त्यावर तीन पेन्स किंमत घातली. लोकांनी कुरकुर केली, तीन पेन्स कशाचे, केवढंसं तांबं! मग त्यानं काय केलं, किंमत काढूनच टाकली आणि हरणाभोवती लिहिलं, माझी किंमत तुम्हाला वाटेल ती करा. आणि मागच्या बाजूला, तीन हातोड्यांभोवती, मी चांगलं तांबं आहे.

हे सरांनी वर्गात भाषांतराला घातलं होतं. सगळ्यांनी पुस्तकी मराठी लिहिली. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं लिहिलं, ‘करा मंग तुम्हाला काय करायचं ते! मी चांगलंच आहे.’ सरांनी तिला पैकीच्या पैकी दिले आणि आठवडाभर स्टाफरूममध्ये सगळ्यांना ते वाचून दाखवलं.

तर मल्हारी सरांचा सगळा छंद हा असा, त्या एका पैशाच्या पाठोपाठ आलेला. कपाटातले बाकीचे त्याचे भाऊबंद. पण तो स्वतः कपाटात नव्हता. तो देवापाशी सुपारीच्या पिशवीतच होता, आईनं ठेवला तसाच, फक्त आता जालन्याच्या घरात. आणि तो खरा आहे की नाही, हे सरांना ठाऊक नव्हतं. ह्या हरणाच्या पैशाच्या पुढच्या काळात पुष्कळ नकला झालेल्या. खरे फारच थोडे, जगात बोटावर मोजण्याएवढे म्हणा.

“एकदा कोणी जाणत्यानं म्हणावं की हा असली आहे,” ते म्हणायचे. “बस्. मला विकायचा न्हाई. गावात पारावर उभं राहून सांगायचंय, माझा पणजोबा फसला न्हाई.”

“मग दाखवा की कोणाला!”

“अन् नक्कल निघाला तर?”

मी चिडायचो. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला उत्तर न बघता वही मिटणारे लोक सहन होत नाहीत. सर निवृत्त झाले, मग पाठोपाठ मी झालो, तरी आमचं हे भांडण चालूच. शेवटी पुण्यात जुन्या नाण्यांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि तिथं परदेशी नाण्यांचे एक जाणकार येणार होते. न्यू जर्सीच्या विद्यार्थ्यानं फोनवर त्यांची वेळ ठरवली, मी बसची तिकिटं काढली आणि सरांना म्हणालो, आता नाही म्हणालात तर मी एकटा जाईन, पिशवी घेऊन. हसले. तयार झाले. इतके तयार झाले की नवी टोपी आणली.

निघायच्या सकाळी मी त्यांच्या घरी पोचलो, तर सर दारात चपला घालत होते आणि गयावहिनी आतून ओल्या हातानं काहीतरी घेऊन आल्या. तळहात उघडला. पैसा लखलखत होता. इतक्या वर्षांचा तो काळा-तपकिरी रंग, ज्याला सर ‘पैशाची कातडी’ म्हणायचे, तो पार गेला होता. चिंच, मीठ, वर विटकरीची भुकटी. दिवाळीत तांब्या-घागर घासतात तसा वहिनींनी घासला होता, दोन्ही बाजूंनी, मन लावून.

“परगावी चाललाय,” वहिनी कौतुकानं म्हणाल्या. “चार मोठ्या माणसांत बसणार. पोरगी दाखवायला नेताना अशीच मळकी नेत असतेत का कोणी? आंघोळ घातली त्याला.”

त्यांचा चेहरा मी बघितला, आणि वहिनींनीही बघितला.

“काही चुकलं का हो? तुमच्या कपाटातल्याला म्या कधी हात लावला न्हाई. पण हा तर आपल्या घरचा ना?”

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. वहिनी, अहो काय केलंत हे! तोंड उघडलंही असेल मी, कारण सरांनी माझा दंड धरला. कडेनं नाही, चांगला गच्च.

“आपल्या घरचाच,” ते म्हणाले. “लई झ्याक झाला. आण.”

आम्ही पुण्याला निघालो. पैसा त्यांच्या खिशात, रुमालात. मी मनात वहिनींना शिव्या घालत होतो, सरांनाही घालत होतो. घरी एकदा सांगायचं ना, की ह्यालाही तोच नियम म्हणून! सगळ्या जगाला सांगितलं, बायकोला सांगायचं राहिलं.

प्रदर्शनातले जाणकार वयस्कर, मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी भिंग लावलं, छोट्या काट्यावर वजन केलं, कसली कसली चित्रं काढून हरणाशी हरीण ताडून बघितलं. सर समोर उभे होते, टोपी हातात, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. मग त्या गृहस्थांनी भिंग खाली ठेवलं.

“हरीण बरोबर आहे. वजन बरोबर आहे. अक्षरांची ठेवण बरोबर आहे. भोकाचं काही नाही, असे भोकाचे पुष्कळ असतात. माझ्या मते हा असली आहे. पण,” आणि त्यांचा आवाज खरोखर दुखावला होता, “हे कोणी केलं याला? याची कातडी सोलून काढलीय हो! माझ्या टेबलावर असा पैसा पुन्हा यायचा नाही, आणि आला तो असा.”

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं की दुःखाचं, मी विचारलं नाही. दोन्ही असेल.

“लिहून द्याल का?” त्यांनी विचारलं.

“देतो ना. असली आहे म्हणून देतो. आणि नुकताच घासल्यामुळं कायमचा खराब झालाय, हेही लिहितो.”

“पहिलं तेवढंच लिहिता येईल का?”

“नाही हो. स्थिती लिहावीच लागते. त्याशिवाय माझ्या सहीला अर्थ काय?”

सरांनी समोरच्या कोऱ्या कागदाकडं बघितलं. मला ठाऊक होतं ते काय बघत होते. तो कागद घरी जाणार. वहिनी घरात आलेला प्रत्येक कागद वाचायच्या, विजेच्या बिलामागची सूचनासुद्धा. आणि कागद न दाखवता नुसतं असली म्हणून सांगितलं, तर दामूदादा विचारणार, कागद कुठाय? गाव विचारणार. आज ना उद्या कोणीतरी वहिनींना सांगणारच, की बाई, तुम्ही काय केलंत.

“मंग ऱ्हाऊ द्या,” सर म्हणाले. पैसा रुमालात बांधला, त्या गृहस्थांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर आले.

मी भडकलो. रस्त्यातच. “सर, आयुष्यभर ह्याची वाट बघितलीत! पारावर उभं राहायचं होतं ना तुम्हाला? आता पणजोबांचं काय?”

“पणजोबा मेला, माणिकराव, कवाच मेला. त्याला आता काय फरक पडतोय? मला कळलं, तेवढं बास झालं.” आणि मग थोडं थांबून, “ती रोज सकाळी माझ्या आधी उठती. चहाचा कप मला कान माझ्याकडं करून देती. भाजू नये म्हणून. ह्या वयात तिच्या जिवाला हा घोर लावू का मी?”

मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं, आणि पडलो नाही.

घरी पोचलो तेव्हा वहिनी दारातच होत्या. “काय म्हणाले?”

“नक्कल निघाली,” सर म्हणाले. किती सहज! “जुनी आहे, पण नक्कल.”

“अगं बाई!” वहिनींनी छातीला हात लावला. “बरं झालं म्हणावं का वाईट? तुम्ही गेल्यापासून मला घास गेला न्हाई बघा. वाटलं, म्या घासून काही वंगाळ तर न्हाई केलं?”

“खोट्याला काय होतंय घासून!” सर म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता आत गेले.

गावात कळायला वेळ लागला नाही. दामूदादा हसून हसून दमले. “शेवटी खोट्याचे ते खोट्याचेच!” पारावर पुन्हा चार दिवस जुनी घोंगडी निघाली. मल्हारी सर स्वतः जाऊन त्यात बसले, हसले, वर स्वतःच नवीन जोड दिली की पणजोबाला हरीण आवडलं, मला हरणाचं पुस्तक आवडलं, दोघंबी फसलो. मी शेजारी बसून दात ओठ खात होतो. एकदा तर उठलोच होतो बोलायला. सरांनी नुसतं बघितलं, आणि बसलो.

त्यानंतरच्या दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी फराळ घेऊन गेलो, तर ओट्यावर वहिनी पूजेची तांब्याची भांडी घासत होत्या आणि सर शेजारी वाटीत चिंच कोळत बसले होते. मला बघून म्हणाले, “बसा.” मग वहिनींपुढं तो पैसा केला. “हा बी घास. मागच्या वेळी लई छान झाल्ता.”

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. पण नाही. दरवर्षी तसंच. दरवर्षी सर स्वतः चिंच भिजत घालायचे, स्वतः पैसा काढून द्यायचे. त्या सकाळची शंका बाईच्या मनात कुठं उरली असेल तर तीही धुऊन जावी, म्हणून. वहिनी विटकरीची भुकटी लावून अंगठ्यानं चोळायच्या आणि हरीण एकेका दिवाळीनं पुसट होत गेलं. आधी शिंगं गेली. मग भोवतीची अक्षरं. सर प्रत्येक वेळी बघायचे आणि “वा!” म्हणायचे. त्यांच्यासारखा खोटं बोलणारा माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्यासारखा खराही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते अशाच एका लक्ष्मीपूजनाला. त्या थंडीतच ते गेले. थकले होते, तरी त्या सकाळी चिंचेची वाटी मांडीवर होती. डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं. वहिनींनी पैसा घासला, पदरानं पुसला, उन्हात धरून बघितला. पैसा आता गुळगुळीत झाला होता, नुसती चकती.

“हरीण काही दिसंना बाई आता,” त्या म्हणाल्या.

“न्हाई का? ऱ्हाऊ दे,” सर म्हणाले. “चांगलं तांबं आहे.”

वहिनींनी सरांच्या चेहऱ्याकडं बघितलं. मग त्यांनी सरांचा हात आपल्या डाव्या हातात घेतला, तळवा उघडला आणि तो पैसा त्यावर ठेवला. इतक्या दिवाळ्या मुठीत धरून घासलेला तो पैसा त्यांनी ह्या वेळी कडेनं धरला होता. दोन बोटांत, पोटाला हात न लावता.